रेसलरचं दुखणं त्याच्या मॅचमध्ये कसं वाचायचं

डब्ल्यूडब्ल्यूईसारख्या व्यावसायिक कुस्तीतल्या रेसलरवर आयुष्यात काय ओढवलंय हे त्याच्या माईकवरच्या बोलण्यातून कळतं, असं पुष्कळांना वाटतं. मला ते त्याच्या पडण्यावरून, उठण्यावरून आणि मुख्य म्हणजे त्याने करायचं सोडून दिलेल्या गोष्टींवरून जास्त नीट कळतं. मी पेशाने फिजिओथेरपिस्ट आहे. माणसं चालताना, वाकताना, बसल्या जागेवरून उठताना बघणं हेच माझं काम. गुडघा दुखणारा माणूस तोंडाने काही सांगायच्या आधी खुर्चीच्या हातावर तळवा टेकतो आणि मग उठतो. शरीर आधी स्वतःची सोय लावून घेतं, तोंड नंतर बोलतं. रिंगमध्येही नेमकं हेच घडतं. ते बघायची सवय कशी लावायची, ते या लेखात सांगते.

सुरुवातीलाच एक शंका बाजूला करू. या कुस्तीत निकाल आधीच ठरलेला असतो, मग त्यात खरं काय वाचायचं? उलट, ठरलेला असतो म्हणूनच वाचता येतं. खऱ्या लढतीत समोरचा जे करू देईल तेच करावं लागतं. इथे काय करायचं आणि काय टाळायचं हे दोघं मिळून निवडतात. म्हणजे रिंगमध्ये दिसणारी प्रत्येक मूव्ह, म्हणजे प्रत्येक डाव, हा एक निर्णय असतो आणि न दिसणारी मूव्ह हाही निर्णयच. शिवाय कॅनव्हासखाली फोमचा पातळ थर असतो, त्याखाली लाकडी फळ्या आणि लोखंडी तुळया. निकाल कोणाचाही असो, पाठ त्या फळ्यांवर खरीच आपटते.

आधीची एक मॅच, नंतरची एक मॅच

एकाच मॅचवरून काही ठरवू नका. रेसलरच्या आयुष्यातली जाहीर झालेली एखादी घटना घ्या, म्हणजे दुखापत, आजार, व्यसनमुक्ती केंद्रातला मुक्काम किंवा घरातला मृत्यू. तिच्या आधीची एक मोठी मॅच निवडा आणि नंतरची एक. दोन्ही साधारण सारख्या लांबीच्या असाव्यात आणि प्रतिस्पर्धी दोन्हीकडे तोलामोलाचा असावा. मग पहिल्या मॅचमधल्या मूव्हज कागदावर एकाखाली एक लिहा आणि दुसरी मॅच बघताना त्यातल्या ज्या दिसल्या नाहीत त्यांवर खूण करा. खूण केलेल्या मूव्हज एकत्र वाचल्या की दुखणं कुठे आहे याचा अंदाज बऱ्याचदा येतो.

हे शिकायला नव्वदच्या दशकातला अमेरिकन स्टार स्टीव्ह ऑस्टिन याच्यासारखं उदाहरण नाही. 17 नोव्हेंबर 1996 ला सर्व्हायव्हर सीरीज या मोठ्या कार्यक्रमात ब्रेट हार्टविरुद्धची त्याची मॅच बघा. पकडी, उलटपकडी, सुप्लेक्स (उचलून मागे पाठीवर आपटणं), मॅटवरचं काम, सगळं आहे. ऑस्टिन म्हणजे बिअर आणि शिवीगाळ एवढंच ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांना हा माणूस इतकं बारीक तांत्रिक काम करायचा हे बघून आश्चर्य वाटेल.

मग 3 ऑगस्ट 1997. समरस्लॅम हा तसाच मोठा कार्यक्रम, समोर ओवेन हार्ट. ओवेनने त्याला उलटा धरून पाइलड्रायव्हर दिला. या मूव्हमध्ये देणारा गुडघ्यांवर उतरला तर खालच्याचं डोकं सुरक्षित राहतं. ओवेन थेट बसला, आणि ऑस्टिनचं डोकं त्याच्या बैठकीच्या खाली होतं. सगळा भार मानेवर आला. काही क्षण ऑस्टिनचे हातपाय हलेनात. पुढचं दृश्य मी विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवते. ओवेनला काहीतरी भयंकर बिघडलंय हे कळलेलं आहे. तो प्रेक्षकांकडे वळतो, त्यांना डिवचतो, रिंगमध्ये फेऱ्या मारतो आणि ऑस्टिनला वेळ मिळवून देतो. शेवटी ऑस्टिन रांगत येऊन मागून त्याला गुंडाळतो. इतका ढिला रोल-अप तुम्ही दुसरीकडे बघितला नसेल. ओवेन खांदे मॅटला टेकलेले ठेवून स्वतःवर रेफरीचे तीन आकडे होऊ देतो (याला पिन म्हणतात, तीन झाले की हार), आणि ठरल्याप्रमाणे इंटरकाँटिनेंटल किताब ऑस्टिनकडे जातो.

आता नंतरची मॅच म्हणून 31 मे 1998 ची ओव्हर द एज घ्या, समोर मिक फोली. मारामारी रिंगमधून बाहेर जाते, प्रवेशाच्या वाटेवर मांडलेल्या जुन्या गाड्यांपर्यंत पोहोचते. ठोसे, लाथा, कोपऱ्यात बसवून तुडवणं, अंगावर झेप घेऊन वरून बुक्क्या. उंचावरून डोक्याच्या बाजूने पडायची वेळ येईल असं जवळजवळ काही नाही. लोकांना वाटलं, हा संतापलेला माणूस आहे, नियम न पाळणारा, मालकाला न जुमानणारा. त्या व्यक्तिरेखेला ते अगदी शोभतही होतं. पण मान वाचवायची असेल तर माणूस असाच लढेल. उभ्याने, स्वतःच्या पायांवर, आणि पाठीवर कमीत कमी वेळा पडून. त्या काळात सर्वांत जास्त नक्कल झालेली शैली एका दुखावलेल्या मानेने घडवली, असं माझं ठाम मत आहे. जानेवारी 2000 मध्ये त्या मानेवर शस्त्रक्रिया झाली आणि 30 मार्च 2003 ला रेसलमेनिया 19 मध्ये द रॉकविरुद्धच्या मॅचनंतर तो थांबला. त्यानंतरची मॅच थेट 2022 मध्ये.

रिकामी जागा कशाने भरली

काय गेलं हे कळलं की अर्धं काम होतं. त्या जागी काय आलं हे शोधणं मला जास्त आवडतं, कारण तिथे रेसलरची बुद्धी आणि स्वभाव दिसतो. दोन माणसांचे गुडघे सारखेच गेले तरी दोघं वेगळा रस्ता काढतात.

जपानचा केंता कोबाशी नव्वदच्या दशकात वरच्या दोरावरून मूनसॉल्ट मारायचा. पाठ प्रतिस्पर्ध्याकडे, मग हवेत उलटी गिरकी आणि पोटावर उतरायचं. त्या वजनाचा माणूस असा उतरतो तेव्हा प्रत्येक वेळी गुडघे फळ्यांवर आपटतात. गुडघ्यांवर शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया होत गेल्या. पण मार्च 2003 ते मार्च 2005 अशी सलग दोन वर्षं त्याने जपानच्या नोआ कंपनीचा जीएचसी हेवीवेट किताब राखला, तेव्हाचा कोबाशी बघा. पाय रोवून उभा, आणि उघड्या हाताच्या कडेने छातीवर चॉप. 18 जुलै 2005 ला टोकियो डोममध्ये केन्सुके सासाकीविरुद्ध दोघांनी एकमेकांच्या छातीवर चॉप मारायला सुरुवात केली आणि ते थांबेचनात. छात्या लाल झाल्या आणि डोम दणाणत राहिला. माझ्या नजरेने बघाल तर त्यात गुडघ्यांना काहीच करायचं नाही. ताकद कंबरेच्या वळणातून आणि खांद्यातून येतेय, पाय नुसते खांबासारखे. आणि तरीही तो काही कमी देतोय असं कोणालाच वाटत नाही. गुडघे गेल्यावर माणूस खांद्यावर आला आणि त्याने खांद्याचंच नाट्य केलं.

त्याला 2006 मध्ये मूत्रपिंडाचा कॅन्सर झाला. शस्त्रक्रियेनंतर सुमारे दीड वर्षाने, 2 डिसेंबर 2007 ला, तो टोकियोतल्या निप्पॉन बुडोकान सभागृहात परतला. टॅग मॅच, म्हणजे जोड्यांची लढत, होती आणि त्याच्या बाजूला योशिहिरो ताकायामा होता, ज्याला स्वतःला 2004 मध्ये पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला. टॅग मॅच हीसुद्धा एक सोय असते हे लक्षात ठेवा. दोराबाहेर उभं राहून श्वास घेता येतो. आजारातून उठलेला रेसलर एकेरीत परतला की टॅगमध्ये, ही पहिली नोंद करायची.

वाढतं वय आणि आजार एकत्र आल्यावर काय होतं ते आंद्रे द जायंटकडे बघून कळेल. त्याला ॲक्रोमेगॅली होती. वाढीचं संप्रेरक थांबत नाही, हाडं जाड होत जातात, सांधे आणि मणके त्या वजनाखाली झिजतात. 1986 मध्ये त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. 29 मार्च 1987 ला रेसलमेनिया 3 मध्ये हल्क होगनविरुद्ध तो एका खांद्याच्या काळ्या पोशाखात आला, आणि आत पाठीचा पट्टा होता. त्या मॅचमधली ती लांबलचक अस्वलमिठी अनेकांना कंटाळवाणी वाटते. मला वाटत नाही. दोन माणसं एकमेकांना धरून उभी आहेत, एकाला दुसऱ्याचा आधार आहे, आणि पाठ मोडलेल्या माणसाला त्या अवस्थेत रिंगच्या मधोमध आपला दरारा टिकवून ठेवता येतोय.

आवाज बंद करून पडणं बघा

समालोचक कथा सांगतात, त्यामुळे डोळे तिकडेच वळतात. म्हणून एकदा तरी मॅच आवाज बंद करून बघा, आणि फक्त पडणं बघा.

नीट पडलेला रेसलर हनुवटी छातीला लावतो, श्वास सोडतो आणि पाठीचा वरचा भाग व दोन्ही हात एकाच क्षणी मॅटवर टेकवतो. मार जितक्या मोठ्या भागावर पसरेल तितका कमी लागतो. पाठ दुखणारा माणूस यात बारीक बदल करतो. तो एका कुशीवर कलून पडतो, किंवा सपाट पडायच्या ऐवजी लोळण घेतो. कधी कधी तो पडतच नाही, गुडघ्यावर येऊन थांबतो. मान जपणारा रेसलर पडण्यापूर्वीच खांदे किंचित वर घेतो. पडण्याइतकंच उठणंही बघा. कोणता हात आधी टेकतो? दोराला धरून उठतो का? मॅचच्या सुरुवातीला, अजून मार पडलेला नसताना, तो कसा उठतो? मॅच संपत आली असताना लंगडणं अभिनय असू शकतो. पण पहिल्याच मिनिटाला दोर पकडून उठण्यात कथेचा काही फायदा नसतो, म्हणून मी त्यावर जास्त विश्वास ठेवते.

बाजूही बघायची. अमेरिकन पद्धतीत पकडी बहुतेक डाव्या अंगाला घेतल्या जातात. डावा हात, डावा पाय, डाव्या काखेत डोकं. मेक्सिकोत नेमकं उलट, उजव्या अंगाला. म्हणून अमेरिकन मॅचमध्ये कोणी मुद्दाम दुसऱ्याच हाताला धरत असेल तर थांबून बघावं. कदाचित नेहमीचा हात खरोखरच दुखत असेल आणि प्रतिस्पर्धी तो वाचवत असेल.

प्रतिस्पर्ध्याकडे तर बघाच. दुखऱ्या माणसाची मॅच निम्मी त्याचा जोडीदार लढत असतो. 5 जून 2022 ला हेल इन अ सेल या कार्यक्रमात कोडी रोड्स उतरला तेव्हा त्याच्या उजव्या छातीचा स्नायू हाडापासून सुटलेला होता. अर्धी छाती आणि दंड जांभळा-काळा पडलेला. त्याने जॅकेट काढलं तेव्हा हॉल सुन्न झाला. समोर सेथ रॉलिन्स. ही मॅच बघताना कोडीच्या छातीवरून नजर काढा आणि रॉलिन्सचे हात बघा. कुठे तो स्वतःच्या उडीने कोडीचं उचलणं सोपं करून देतो, कुठे जखमेवर घाव घालतो पण वजन टाकत नाही. प्रेक्षकांना क्रूर वाटावा असा तो लढतो, आणि ते क्रौर्य तोलूनमापून दिलेलं आहे. कोडी जिंकला, मग त्याची शस्त्रक्रिया झाली आणि तो जानेवारी 2023 च्या रॉयल रंबलमध्ये परतला.

पट्ट्या आणि टेप मात्र जपून वाचा. टेप खरी असते, तशी कथेसाठी लावलेलीही असते. खांद्याला टेप दिसली की लगेच निष्कर्ष काढू नका, त्या खांद्याने तो काय करतोय ते बघा.

मूव्ह तीच, अर्थ वेगळा

काही रेसलर जवळजवळ काहीच सोडत नाहीत. जुनी मूव्ह तीच राहते, पण तिच्यामागे आयुष्य उभं राहतं आणि तिचं वजन बदलतं.

शॉन मायकल्सची पाठ 18 जानेवारी 1998 च्या रॉयल रंबलमध्ये गेली. अंडरटेकरविरुद्धच्या कास्केट मॅचमध्ये (प्रतिस्पर्ध्याला शवपेटीत बंद करायची लढत) तो दोरावरून बाहेर पडताना कंबर शवपेटीच्या कडेवर आपटली आणि मणक्यांमधल्या चकत्या सरकल्या. रेसलमेनिया 14 मध्ये ऑस्टिनला किताब देऊन तो गेला. मधल्या वर्षांत वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन, मग संसार आणि श्रद्धा, हे सगळं त्याने स्वतःच उघडपणे सांगितलेलं आहे. 25 ऑगस्ट 2002 ला समरस्लॅममध्ये ट्रिपल एचविरुद्ध तो परतला.

पाठीवर पडलेल्या अवस्थेतून हात न लावता उसळून उभं राहणं ही त्याची जुनी खासियत. नव्वदच्या दशकात तो ते करायचा तेव्हा ती मिजास होती, बघा मी किती लवचीक आहे. 2002 च्या मॅचमध्ये ट्रिपल एच सतत त्याच्या कंबरेवर तुटून पडतो. तो ओरडतो तेव्हा ओरडणं कथेचं आहे की खरं, हे क्षणभर कळत नाही. आणि मग तो उसळून उभा राहतो. तीच हालचाल, तेच स्नायू, पण आता प्रेक्षक त्या मणक्यासाठी श्वास रोखून बसलेले आहेत. इथे तुमची मूव्हजची यादी काही सांगणार नाही. म्हणून यादीशेजारी आणखी एक रकाना ठेवा, मूव्ह मॅचमध्ये कुठे आली आणि तिच्या आधी काय झालं.

व्यसन आणि घरातले मृत्यू

मोडलेलं हाड चालीत दिसतं. व्यसन, शोक, वडिलांची सावली या गोष्टी तशा दिसत नाहीत. तिथे शरीरापेक्षा वागणूक बघावी लागते. रेफरीशी कसा वागतो, जिंकायला काय करायला तयार होतो, जिंकल्यावर कुठे बघतो.

एडी गरेरो माझा सर्वांत लाडका. वडील गोरी गरेरो नामवंत रेसलर, भाऊ रेसलर, जन्मच रिंगच्या कडेला. 1 जानेवारी 1999 ला भीषण कार अपघात झाला, पण तो वाचला. वेदनाशामकं आणि दारू वाढत गेली. 2001 मध्ये आधी उपचार, मग नोव्हेंबरमध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक आणि नोकरी गेली. एप्रिल 2002 मध्ये तो परतला. शुद्धीवर आलेला, आणि पुन्हा विश्वास कमवायला निघालेला.

आणि या माणसाने शैली कोणती घेतली? खोटं बोला, फसवा, चोरा. रेफरीची पाठ वळली की तो खुर्ची मॅटवर आपटायचा, मग ती प्रतिस्पर्ध्याच्या हातात फेकायचा आणि स्वतः डोकं धरून आडवा व्हायचा. रेफरी वळतो तर खुर्ची दुसऱ्याच्याच हातात. लोक आनंदाने वेडे व्हायचे. माझं वाचन असं आहे की ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं, त्याने तोच अविश्वास सगळ्यांसमोर मांडला आणि लोकांना त्याच्यावर प्रेम करायला लावलं.

14 मार्च 2004, रेसलमेनिया 20, समोर कर्ट अँगल. अँगल घोटा पिळून हार मानायला लावतो हे सगळ्यांना माहीत. एडी मारातून उसंत मिळताच एका बुटाची नाडी सैल करतो. कॅमेरा ते दाखवतो, अँगलचं लक्ष नसतं. अँगल त्या पायाला धरून पिळतो आणि बूटच हातात येतो. तो गोंधळतो तेवढ्यात एडी त्याला स्मॉल पॅकेजमध्ये गुंडाळतो आणि जिंकतो. ताकदीने, पळून किंवा सहन करून न सुटणाऱ्या पकडीतून तो नाडी सोडून सुटला.

त्याच्या एक महिना आधी, 15 फेब्रुवारीला नो वे आउटमध्ये, त्याने ब्रॉक लेसनरकडून डब्ल्यूडब्ल्यूई किताब घेतला. त्या मॅचच्या आधीच्या आठवड्यांत त्याचं व्यसन कथेतच उघडपणे आणलं होतं. म्हणजे इथे आयुष्य आणि कथा मुद्दाम जोडलेली होती आणि आपण अंदाज बांधायची गरज नाही. मॅच मात्र अंदाज बांधून बघा. लेसनर त्याला सामानासारखा इकडून तिकडे फेकतो, तो पुन्हा पुन्हा लेसनरच्या गुडघ्याकडे जातो. शेवटी किताबाच्या पट्ट्यावर डीडीटी, म्हणजे डोकं काखेत धरून खाली आपटणं, आणि मग फ्रॉग स्प्लॅश, म्हणजे वरच्या दोरावरून पोटावर झेप. ही मूव्ह त्याने 1994 मध्ये वारलेल्या आपल्या टॅग जोडीदाराच्या, आर्ट बारच्या, आठवणीत घेतलेली होती. मित्राची आठवण तो प्रत्येक मॅचमध्ये आपल्या पोटावर झेलत होता, कारण फ्रॉग स्प्लॅश मारणाऱ्यालाही लागतो. बघा, मारल्यावर तो लगेच पिन करत नाही, आधी स्वतः कळवळतो.

13 नोव्हेंबर 2005 ला, वयाच्या 38 व्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला. त्यानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी 2006 मध्ये, डब्ल्यूडब्ल्यूईने औषधं आणि आरोग्यतपासणीचं धोरण लागू केलं.

घरातल्या मृत्यूसाठी कोडी रोड्सकडे पुन्हा या. वडील डस्टी रोड्स जून 2015 मध्ये गेले. डस्टी हात गरगरा फिरवून कोपर मारायचे. कोडी ती मूव्ह आपल्या मॅचमध्ये वापरतो. ती कधी येते आणि कोणासमोर येते याची नोंद ठेवा. हेल इन अ सेलला रॉलिन्स डस्टींच्या ठिपक्यांच्या पोशाखाची नक्कल करून आला होता, हे माहीत असेल तर ती मॅच वेगळीच उमगते.

जिथे शैली बदलत नाही

दुखणं आलं की माणूस सावध होतोच असं नाही. कर्ट अँगलने 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल 100 किलो गटात मान मोडलेली असताना सुवर्ण जिंकलं. वेदनेला न जुमानता जिंकता येतं हा धडा त्याच्या शरीराला तिथेच मिळाला, आणि व्यावसायिक रेसलिंगमध्ये त्याने तोच गिरवला. मान पुन्हा पुन्हा दुखावली, तरी सुप्लेक्सचा वेग कमी झाला नाही, वरच्या दोरावरून मूनसॉल्ट सुटला नाही. त्याची किंमत गोळ्यांमध्ये मोजावी लागली, हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलंय. त्याची मॅच बघताना कौतुक आणि धास्ती एकदम वाटते, आणि ते दोन्ही योग्य आहे. फिजिओ म्हणून मी त्याच्या शैलीला धैर्य म्हणणार नाही.

कात्सुयोरी शिबाताने 9 एप्रिल 2017 ला काझुचिका ओकाडाला स्वतःच्या कपाळाने धडक दिली. नुसता हाडावर हाड आपटल्याचा आवाज. कपाळावरून रक्ताची धार उतरली. मॅचनंतर तो कोसळला, मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाला होता आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. चार वर्षांहून जास्त काळ गेला. 21 ऑक्टोबर 2021 ला तो झॅक सेबर ज्युनियरविरुद्ध पाच मिनिटांच्या प्रदर्शनी लढतीत उतरला, फक्त पकडींच्या नियमांनी. ती पाच मिनिटं जरूर बघा. चेहरा तोच, उभं राहणं तेच, निर्दयपणाची तीच धार. फक्त डोक्याला धोका होईल ते सगळं नियमांनीच बाहेर ठेवलंय. इथे सोय माणसाने नाही, नियमाने लावली.

नातं कुठे जोडायचं नाही

रोमन रेन्सने 22 ऑक्टोबर 2018 ला ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) परतल्याचं सांगितलं आणि फेब्रुवारी 2019 मध्ये तो पुन्हा आला. ऑगस्ट 2020 नंतर त्याच्या मॅच एकदम संथ झाल्या. थांबणं, प्रतिस्पर्ध्याशी बोलणं, रिंगमध्ये सावकाश फिरणं. आजारामुळे वेग गेला, असं लिहिणारे भेटतात. मला ते पटत नाही. मधल्या 2019 च्या मॅच बघा, त्यात तो वेगाने धावतोय, झेपावतोय. संथपणा आला तो खलनायक झाल्यावर, टोळीप्रमुखाच्या भूमिकेसोबत. आधी-नंतरच्या दोन मॅचमध्ये एक मधली मॅच घातली की असा खोटा धागा लगेच तुटतो. ही तपासणी प्रत्येक वेळी करा.

दुसरं पथ्य कडक आहे. रेसलरने स्वतः किंवा त्याच्या कंपनीने जे जाहीर केलंय तेवढ्यावरच बोला. चाल बघून "याला अमुक आजार आहे" असं लिहू नका. रोज रुग्ण तपासणारी मीसुद्धा पडद्यावरून निदान करत नाही. हालचाल कशी बदलली एवढं सांगता येतं. का बदलली हे त्या माणसाने सांगायचं.

आणि डोक्यावरचा मार बघताना रोमांचित होऊ नका. डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये 2010 पासून डोक्यावर खुर्ची मारायला बंदी आहे. त्याआधीच्या मॅचमध्ये खुर्ची डोक्यावर बसते आणि लोक जल्लोष करतात. ती मॅच अभ्यासाला घेतलीत तर त्या रेसलरचं पुढे काय झालं हेही शेजारी लिहा.

सुरुवात कुठून

पहिल्या आठवड्यात ऑस्टिन घ्या, 1996 ची आणि 1998 ची मॅच. फरक इतका ढळढळीत आहे की हात बसतो. मग कोबाशीच्या तीन मॅच, सासाकीविरुद्धची 2005 ची, 2007 ची परतीची, आणि 11 मे 2013 ची निरोपाची, जी त्याने मूनसॉल्टने संपवली. तोवर त्याच्या गुडघ्यांविषयी तुम्हाला एवढं माहीत झालेलं असेल की तो वरच्या दोराकडे निघाल्यावर कुठे बघायचं ते सांगावं लागणार नाही. एडीच्या दोन्ही मॅच एका बैठकीत बघा, पण एकदा आवाज बंद करून, एकदा चालू ठेवून. मायकल्स शेवटी ठेवा. त्याच्या बाबतीत फरक मूव्हजच्या यादीत सापडत नाही, आणि तो दिसायला डोळा आधी तयार व्हावा लागतो.